छतातले सात दिवे

हॅलो?… हॅलो?… भुसावळ का?… शाळाच ना ही?… अहो, अंबूबाईंना बोलवता का जरा… त्या सायन्स शिकवत्यात त्या… मी त्यांची आई, सरुबाई. लोनावळ्यावरनं बोलतेय… वर्गावर हायत? मग वर्गावरनं बोलवा… न्हाई न्हाई, तसलं काई न्हाई. कुनी गेलं न्हाई, कुनी आजारी न्हाई. तेवढं आदी सांगा तिला. ट्रंक कॉल म्हनलं की ती जिन्यावरनं पडत यील.

… व्हय, धरते.

श्रीपती, तू हायस ना लायनीवर?… ती आल्यावर मोजाय लाग बाबा. शिपायाशी बोलले ते माझ्या तीन मिनिटांत धरू नको… व्हय, तुझे नियम मला पाठ हायत. एक्स्चेंजात चिकटलास तवा पेढे घेऊन पयल्यांदा आमच्याकडंच आलतास.

दत्तोबा, ती करवत जरा… बरं, हातातली फळी होऊ दे. मी एक कान झाकते.

हॅलो?… अंबू?… अगं मी, आई… आदी श्वास घे. शिपायानं सांगितलं न्हाई का, सगळे जिवंत हायत म्हनून?… मी बरी हाय. मामा बरा हाय. मामी बरी हाय… अगं खरंच… मग फोन कशाला म्हंजे? मानसानं बरं असताना फोन करू नये का?

… काय?… मोठ्यानं बोल, हितं करवत चाललीय… वखारीतनं गं, दत्तोबाच्या वखारीतनं. आपल्या छताच्या फळ्या आनल्या व्हत्या तीच वखार… व्हय, फोन घेतला त्यानं. गेल्या वर्षी. रुबाब बघ की.

ऐक ना. मला दिव्यांचं सांगायचंय.

… बैठकीतल्या. छतातल्या. सात दिव्यांचं.

… हॅलो?… अंबू?… गेली का लाइन?… श्रीपती?… हाय? मग ही बोलत का न्हाई?

अंबे, ठेवू नको. ठेवायचा न्हाई फोन. दिव्यांचं नाव काढलं की तुझा आवाज असा होतो, मला म्हाईत न्हाई व्हय. म्हनून तर पत्र न्हाई लिहिलं. पत्राची तू घडी घालतीस आन् ठेवून देतीस. आन् मला उत्तर येतं, परीक्षा हायत, तपासायचे पेपर हायत, जावईबापूंची ड्युटी हाय…

… बरं, परीक्षा असतात. न्हाई कोन म्हनतं. पन नऊ महिने धड बोलनं न्हाई?

थांब थांब… आँ. गेली वीज. ऐकलंस, करवत कशी कुंथत थांबली?… रोज दुपारची जाते आता. दत्तोबा शिव्या घालतो. मला आज बरंच झालं, आता नीट ऐकू यील. व्हय रे दत्तोबा, बसते. बस तू पन.

हां. तर सोमवारी संध्याकाळी मी दिवे लावले आन् वास आला… करपल्याचा. मी पळत सैपाकघरात, तर चुलीवर काईच न्हाई. पुन्हा बैठकीत आले. वर बघितलं तर मधला दिवा, घड्याळासमोरचा, त्याच्या कडंची फळी काळी पडलेली. एक बोट धूर निघत व्हता… बंद केला गं लगेच. सगळेच बंद केले.

… शिदूला बोलावलं. आपला शिदू. रेल्वेत आप्पांच्या हाताखाली खलाशी व्हता तो… त्याला रिटायर नको करू येवढ्यात, तीन लेकरं शाळंत हायत त्याची. रेल्वे सोडली, आता हितं गावात वायरिंगची कामं करतो. तो शिडीवर चढला, दिवा जरा हलवला, तर वायरचं कव्हर भुगा होऊन त्याच्या हातात आलं. म्हनला, वहिनी, आता एक बी लावायचा न्हाई. सगळ्यांचं हेच झालं असनार. बल्ब वर छतात कोंडलेला, गरमी जायला वाट न्हाई. फळीनं पेट घेतला तर घर राहनार न्हाई.

… मग मी काय म्हनलं असंल?

व्हय. तेच म्हनलं. हात लावायचा न्हाई. आप्पांनी बसवलेत.

तीन दिवस कंदिलावर काढले… अगं, कंदील मला नवा हाय का? म्हायेरी मळवलीला काय जन्मापासनं बटनं दाबत व्हते? पन शिदू रोज यायचा, दारात उभा राहायचा, छताकडं बघून जायचा. काल मातुर बोलला. म्हनला, वहिनी, भाऊंनी मला एकच गोष्ट शिकवली. जळक्या वायरीवर गाडी सोडायची न्हाई. मग सायबाचा हुकूम असो न्हाईतर कुनाचा.

मग मीच म्हनलं, काढ.

आज सकाळी काढले. सातीच्या सात. भिंतीवर ट्यूबा बसवल्या, चार फुटी… दोन. दोनच. तू सांगितलंवतंस तेवढ्याच.

… आता का रडतीस? अजून मी काई सांगितलं पन न्हाई.

काय, श्रीपती?… झाली?… तीन मिनिटं अशी कशी झाली, तिच्या रडन्यातच गेली सगळी. वाढव. आन् पुन्हा पुन्हा विचारू नको, मी सांगंपतोर वाढवत राहा.

हां, बोल… न्हाई, बोलू दे मला. मला सगळं म्हाईत हाय अंबू. दिवाळीत जेवताना तू काय बोललीस, तेच ना तुझ्या छातीवर बसलंय? "आप्पा, हे दिवे न्हाईत, शेगड्या हायत. वीज पितात आन् उजेड देत न्हाईत." आन् कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं हिशेब मांडलास. सात दिव्यांचे चारशे वीस वॉट, दोन ट्यूबांचे ऐंशी… बघ, मला पन पाठ झालाय.

आन् ते ताटावरनं उठले. भात तसाच ठेवून.

… म्हनून तर बोलतेय. सकाळी तू गाडीत बसलीस, दीड महिन्यात ते गेले. दिवसांना आलीस तवा तेरा दिवस सैपाकघरात झोपलीस, बैठकीत पाऊल टाकलं न्हाईस. पाहुने म्हनायचे, पोरगी किती कामाची. मला कळत न्हाई का, आई हाय मी.

… खोटं काय बोललीस पन? शेगड्याच व्हत्या त्या. आता सांगते, मला कदीच आवडले न्हाईत… शपथ. तांदूळ निवडाय बसलं की डोक्यावर तवा धरल्यावानी. आन् उजेड कसा, तर खाली गोल गोल. एका गोलात मी बसायची तर सूप राहायचं अंधारात. सूप उजेडात घेतलं तर खडे दिसायचे पन हात दिसायचा न्हाई. बारा वर्षं मी ते सूप घेऊन बैठकभर सरकत व्हते.

श्रीपती, हसलास तू. ऐकलं मी. तू पन बसलायस त्या गोलात, सत्यनारायनाला. घाम पुसत व्हतास प्रसाद खाताना.

… बोलले का न्हाई म्हंजे? कशी बोलू, सांग. घर नवं, वास्तुशांत झाली, त्येंनी पडदा बाजूला केला आन् एकदम सातीच्या सात दिवे लावले. सगळी आळी बघाय आलती. लोक म्हनले, हौशीरामानं घरात फस्ट क्लासचा डबा आनला. तू तवा नववीत असशील… दहावीत? बरं, दहावीत. पन त्येंचं तोंड बघितलंस का तू तवा? मी बघितलं. जन्म गेला पुन्याच्या यार्डात गाड्यांचे दिवे नीट करन्यात. लोक त्या उजेडात पेपर वाचत मुंबईला जायचे, आन् हे आपलं काळोखात घरी यायचे. एकदा वाटलं त्येंना, आपल्या बायकोच्या डोक्यावर पन तसले लावावेत. त्या मानसाला मी सांगू, मला गरम होतं म्हनून?

… हां. न्हाईच सांगितलं.

आता खरं ऐक. डबे खाली उतरवले शिदूनं… डबे म्हंजे त्या दिव्यांचे गं. तेलाचे गोल डबे कापून केले व्हते न्हाई का त्येंनी, आतनं चांदीवानी रंगवलेले? ते. आपल्याला खालनं नुसतं तोंड दिसायचं. त्येंची पाठ आज बघितली मी, पयल्यांदा.

तुला आठवतं, आप्पांना सगळ्या वस्तूंवर तारीख घालायची खोड व्हती?… तेच. गाडीच्या डब्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं ना, कारखान्यातनं कदी आला, पुन्हा कदी जायचा, तसं. शिलाई मशीनच्या पोटाला. स्टोव्हच्या बुडाला. घड्याळाच्या पाठीला… व्हय, तुझ्या कंपासपेटीला पन. पोरी हसतात म्हनून तू केरोसिननं पुसाय बसलीवतीस. गेली का पुसून?… अजून हाय? कुटं?… तितं, भुसावळला?

… बरं. मला ठाऊकच नव्हतं.

तर दिव्यांच्या डब्यांवर पन लिहिलेलं. छताच्या वर, कोळ्यांच्या जाळ्यांत, जिथं कुनी बघनार न्हाई तितं. पयली ओळ, "बसवला", पुढं तारीख, एकसष्ट साल. मग दर वर्षाची एक तपासनी. दर वर्षी वसुबारसेची… आठवतं ना? दर वसुबारसेला हे मेन काढून शिडीवर चढायचे आन् मी खाली अंधारात करंज्या लाटायची. मी किती बोलायची त्येंना. म्हनायची, आजच सापडतं का तुमाला. आन् हे वर तोंडात ब्रश धरून गप. मला वाटायचं, वायरी बघतात. हे लिहीत असायचे.

आता शेवटची ओळ ऐक. थांब, पिशवीतनं काढते… डबाच घेऊन आलेय मी. सातवा डबा. दत्तोबा मघापासनं बघतोय, ही बाई फोन कराय तेलाचा डबा घेऊन का आली म्हनून… चष्मा कुटं गेला… हां.

अंबू, ही शेवटची ओळ वसुबारसेची न्हाई. वसुबारसेची तिच्या वर हाय. ही त्याच्या नंतरची. अठ्ठावीस, दहा, त्र्याहत्तर. काय व्हतं त्या दिवशी, सांग बरं.

… भाऊबीज. शाबास. तू पाडव्याला गेलीस, ही दुसऱ्या दिवशीची.

त्या दिवशी मी मळवलीला गेलते, मामाला ओवाळाय. संध्याकाळच्या गाडीनं परत आले तर शिडी भिंतीला, खाली भुसा सांडलेला, ह्येंच्या कानाला पांढरा रंग. म्हनलं, हे काय? म्हनले, तपासनी. म्हनलं, आत्ताच झाली की वसुबारसेला. तर म्हनले, एक राह्यली व्हती.

मी काई विचारलं न्हाई. भुसा झाडून काढला. मला वाटलं, लेक बोलली ते लागलंय, म्हनून पुन्हा पुन्हा वर चढून दिवे बघतात. आन् मीच… मीच तुला त्या आठवड्यात पत्र घातलं, की आप्पांना तुझं बोलनं लय लागलं. आठवतं?… असनारच. तेच पत्र तू घडी घालून ठेवलंयस ना?

… जपून? ते कशाला जपून ठेवतीस गं.

मी ते परत घेतेय अंबू. म्हनून फोन. लिहून चुकले, तर तोंडानं परत घ्यायचं व्हतं. तू ऐकताना.

काय रे?… वाढव म्हनलं ना तुला.

ऐक. सहा डब्यांवर त्या तारखेपुढं फुली हाय. मोठी. आन् खाली "रद्द"… तू रेल्वेवाल्याची लेक, तुला सांगाय नको रद्द म्हंजे काय. गाडीला जोडायचा न्हाई. यार्डात पन ठेवायचा न्हाई.

… रागानं न्हाई गं. रागानं कोन असं पट्टी लावून फुली काढतं? न्हाई, ऐक तर. सातव्यावर लिहिलंय सगळं. मी वाचते. सावकाश वाचते, मला चौथीच्या पुढं कुनी शिकवलं न्हाई.

"रद्द." … हां. मग खाली, "अंबूचा हिशेब बरोबर." … मग, "मीटरवर पाहिला. ट्यूब दोन."

… अंबू?

… पुन्हा वाचू?

"अंबूचा हिशेब बरोबर. मीटरवर पाहिला." त्येंचंच अक्षर. त्यो ब बघ की, पोट सुटलेला. पगाराच्या कागदावर पन असाच काढायचे.

… व्हय, मीटरवर. आता आठव. ताटावरनं उठले, हात धुतला. तू रडत सैपाकघरात गेलीस, दार लोटलंस. मला म्हनले, सगळे दिवे लाव आन् लावूनच ठेव. मी लावले. हे बॅटरी घेऊन मागच्या पडवीत. मी दारातनं बघितलं. मीटरसमोर उभे, एका हातात बॅटरी, एका हातात यार्डातलं ते घड्याळ. आतली चकती फिरते ना, ती मोजत व्हते. मग म्हनले, आता सगळे बंद कर, एकच ठेव. पुन्हा मोजलं.

मला वाटलं, हट्टानं. लेकीला दाखवतात, माझे दिवे हे असेच जळनार म्हनून. तवापासनं आज सकाळपतोर मी तसंच धरून बसलेली. बारा वर्षं दिवे आवडत न्हाईत ते सांगितलं न्हाई, आन् एक दिवस मीटरपाशी जाऊन काय करता येवढं विचारलं न्हाई. आमचा संसार असला.

… ते रुसले नव्हते अंबू. ते तुझा हिशेब तपासत व्हते. दुसऱ्या कुनी सांगितला असता तर नुसता हसून सोडला असता त्येंनी. तुझा म्हनून उठले जेवनावरनं.

… मला का न्हाई सांगितलं? मला कसं सांगतील? त्येंना वाटायचं, हे दिवे माझ्या जिवाचे. मी आळीभर सांगत फिरायची ना, आमच्याकडं फस्ट क्लास हाय म्हनून. ते माझं मन राखत व्हते आन् मी त्येंचं. आन् मधे तू सापडलीस.

… मला पन तेच म्हनायचंय. मानसानं असं असल्यावर एक कार्ड टाकावं. भुसावळला कार्ड जात न्हाई का? पन रेल्वेच्या मानसाला काय वाटतं, एकदा डब्यावर लिहिलं की झालं. पुढच्या तपासनीला जो यील तो वाचील. आता तो डबा छतावर उलटा, पाठ अंधारात. तिकडं कोन जानार वाचाय? मी सकाळपासनं भांडतेय त्येंच्या फोटोशी. म्हनलं, येवढं नऊ महिने पोरीला जाळलंत, ते का?

… न्हाई गं. प्रेमानंच म्हनलं.

अजून एक ओळ हाय. ती वाचायची राह्यली.

… वाचते की. मला पन जरा दम खाऊ दे.

"पुढील तपासणी, संक्रांत. अंबू आल्यावर, तिच्या हाताने."

…

…

संक्रांतीला ते राह्यले न्हाईत. पन त्येंनी तारीख घातली व्हती बघ. तुझ्यासाठी घातली व्हती. तू यायची, ट्यूबा तू लावायच्या, आन् त्येंनी खाली उभं राहून शिडी धरायची. माझ्या डोळ्यांपुढं दिसतं मला ते. तू नववीत फ्यूज बसवलास तवा धरलीवती तशी.

… हॅलो?

… अंबू?

श्रीपती, लाइन हाय ना?… हाय? मग आवाज का न्हाई येत?… रडतीय?

बरं. रडू दे. लाइन सोडू नको. वाढव तीन मिनिटं… झालं तर आनखी वाढव. मी हाय हितं. मी काई बोलत न्हाई. तू पन बोलू नको.

…

…

… हां बाळा. हाय मी.

… व्हय. व्हय… पूस नाक. हेडमास्तर तितंच बसलेत? बसू देत. त्येंना पन आई असंल.

… काय म्हनतीस?… कसा पडतोय उजेड? ते मला काय म्हाईत?… न्हाई लावल्या. शिदू म्हनला, टेस्टर लावून बघितलंय, सगळं ठीक हाय, दाबा बटन. मी त्याचा हात धरला. म्हनलं, लिहिलेलं वाचलंस ना? तिच्या हाताने. मग तिची तपासनी झाल्याबिगर कशी लावायची? तो पन रेल्वेचाच. त्याला पटलं लगेच. बटनावर कागद चिकटवून गेलाय, "हात लावू नये".

… मी? मी कंदिलावर. आदीच सांगितलं ना, मला कंदील नवा न्हाई.

… डोळे काई जात न्हाईत माझे. लय तर तांदळात खडे राहतील चार.

न्हाई, तुला घालून पाडून बोलत न्हाई. मी वाट बघतेय येवढंच सांगतेय. ज्या दिवशी यील त्या दिवशी. तुझ्या परीक्षा असतील तर त्या होऊ देत, मी पुन्हा विचारनार न्हाई… दिवाळीला आलीस तर वसुबारसेला ये. मेन मी बंद करीन. करंज्या अंधारात लाटायची सवय हाय मला…

… काय?

… या शनिवारी?… ह्या? परवाच्या?… अगं, शाळा?… अर्धा दिवसच असते म्हना शनिवारी… आन् जावईबापू?… ते पन? त्येंची ड्युटी?… बरं बरं, न्हाई विचारत. रात्रीची गाडी, मग कल्यानला बदलायची… लोनावळ्याला रविवारी सकाळी… मी यीन स्टेशनवर. न्हाई, यीनच. तू गेलीस त्या सकाळी ते सोडाय आले नव्हते, मी यीन… पावसाचं काय, छत्री हाय की.

… कुटं झोपशील ते तूच ठरव. बैठकीत टाकू गादी? … टाकते. घड्याळाखाली टाकते. छताला सात भोकं दिसतील वर, घाबरू नको… शिदू म्हनला व्हता फळ्यांचे तुकडे मारून देतो, मी न्हाई म्हनलं. आदी तू बघ. मग बुजवू.

… डबे हायत सगळे. भंगारवाला आलता, त्याला हाकललं. सहांत मी कोथिंबीर लावीन. हा सातवा तुझा. घेऊन जा भुसावळला, कंपासपेटीशेजारी ठेव… आन् ते माझं पत्र घेऊन ये. चुलीत घालते… न्हाई, जपायचं न्हाई. घेऊन ये.

आँ?… आली. आली वीज. थांब… दत्तोबा, जरा दम धर की रे… न्हाई ऐकत तो, दोन तासांची फळी कापायची राह्यलीय त्याची… हॅलो?… मोठ्यानं बोल… काय आनू?… काई नको आनू, तू ये…

ऐक, ऐक, एक राह्यलं… रंगाचं… रंगाचं म्हनतेय, पांढऱ्या रंगाचं… त्येंच्या डब्यातला वाळून गेलाय, मी उद्या नवा आनून ठेवते… ब्रश हाय. ब्रश त्येंचाच हाय, धुऊन ठेवलाय… ट्यूबच्या पट्टीवर तारीख तू घालायची… तारीख… बसवल्याची, आन् पुढच्या तपासनीची… व्हय, दोन्ही.

आन् पाठीवर लिहायची न्हाई. ऐकतीस का?… पाठीवर न्हाई. पुढच्या बाजूला… सगळ्यांना दिसंल अशी…

हॅलो?… अंबू?… हॅलो?…

श्रीपती, ऐकलं का तिनं?

… पुढच्या बाजूला, ते ऐकलं?

… काय म्हनली?

… बरं. मग तोड आता.